आईच्या आईचं माहेर

अक्कांनी आयुष्यात कुणाला आडनाव विचारलं असेल असं मला वाटत नाही. माणूस समोर आला की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असायचा, "तुमच्या आईच्या आईचं माहेर कुठलं?" रिक्षावाल्याला तोच प्रश्न, बँकेतल्या बाईला तोच, आणि आमच्या संस्थेची तपासणी करायला दिल्लीहून आलेल्या बड्या शास्त्रज्ञालाही तोच. ते साहेब गोंधळले, चष्मा पुसला आणि म्हणाले की हे मला आईला विचारावं लागेल. अक्का म्हणाल्या, विचारून घ्या, मग पुढचं बोलू.

मी बेळगावहून मुलाखतीला आले तेव्हा माझंही तेच झालं. प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून आणि रात्रभर पाठ केलेली उत्तरं घोकत मी आत गेले. टेबलापलीकडे एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई बसली होती. अंगावर इरकली साडी, पायात पुरुषांचे स्पोर्ट्स शूज आणि केसांत मोगऱ्याचा एवढा मोठा गजरा की मुलाखत आहे का मुंज असा प्रश्न पडावा. त्यांनी माझी फाईल न उघडता बाजूला सारली आणि आपला प्रश्न विचारला. मला वाटलं, बाई कुणासाठी तरी स्थळ बघतायत.

"मॅडम, मी नोकरीसाठी आलेय," मी जरा घुश्शातच म्हणाले.

"हौदु, हौदु, होय ग. नोकरीसाठीच विचारते. माहीत नसेल तर आईला फोन कर. आणि मॅडम नको म्हणू, अक्का म्हण."

मी तिथंच आईला फोन लावला. आई म्हणाली, "आज्जीचं माहेर? संकेश्वर की. का ग? कुणी विचारलं? मुलगा काय करतो?" खोलीत शांतता असल्यामुळे हे सगळं अक्कांना स्वच्छ ऐकू गेलं. त्या खो-खो हसल्या. "आयतु," म्हणाल्या, म्हणजे झालं, "सोमवारपासून ये." माझी पाठ केलेली उत्तरं तशीच राहिली. त्याचा राग मला पुढं बरेच दिवस होता.

अक्कांचं घराणं बेंगळुरूत सतराव्या शतकापासूनचं. कुठल्याशा लष्कराबरोबर पूर्वज आले आणि इथलेच झाले. जे. पी. नगरातल्या त्यांच्या घरात मराठी बोलली जायची, पण त्या मराठीत कन्नड इतकं मिसळलेलं असायचं की आमच्या लॅबमधला पुण्याचा डॉक्टर पहिले सहा महिने नुसता मान हलवायचा. मला काही अडचण नव्हती. आमच्या बेळगावात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या असतात. त्यामुळे अक्कांनी मला पहिल्याच आठवड्यात दुभाषी करून टाकलं. डॉक्टरला काही कळलं नाही की तो माझ्याकडे बघायचा आणि मी त्याला पुणेरीत सांगायची. तोही आपल्या परीनं वल्ली होता. त्याच्या मराठीत क्रियापदं तेवढी मराठी असायची, बाकी सगळं इंग्रजी.

आता त्या प्रश्नाचं मर्म सांगते. आम्ही स्तनाच्या कर्करोगावर काम करायचो, आणि त्यातही पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियांवर. शाळेतल्या पुस्तकात या मायटोकॉन्ड्रियाला पेशीचं पॉवरहाउस म्हटलेलं असतं. अक्कांना या शब्दाचा भयंकर तिटकारा. त्या म्हणायच्या, पॉवरहाउस कुठं असतं? गावाबाहेर, सरकारचं. ही तर चूल आहे, घरातली. एकेका पेशीत अशा शेकडो चुली पेटलेल्या असतात, आणि प्रत्येक चुलीपाशी तिची स्वतःची छोटी पाककृती असते, म्हणजे तिची वेगळी जनुकं. ही जनुकं बापाकडून येत नाहीत. आईकडून येतात, आईला तिच्या आईकडून, आणि तिला तिच्या आईकडून. दर पिढीला बाई गाव बदलते, आडनाव बदलते, पण चूल तीच घेऊन जाते. "मग आडनाव विचारून मला काय मिळणार?" अक्का म्हणायच्या. "खरं तर आईच्या आईच्या आईचं विचारायला हवं. पण तिथपर्यंत गेलं की लोक पळून जातात."

एकदा एक पाहुणे व्याख्यान द्यायला आले आणि पहिल्याच वाक्यात पॉवरहाउस म्हणून गेले. व्याख्यानानंतर सगळ्यांना फिल्टर कॉफी आली. पाहुण्यांच्या पेल्यात साखर नव्हती. त्यांनी एक घोट घेतला, चेहरा वाकडा केला आणि सभ्यपणे सगळी संपवली. अक्का समोर बसून प्रेमानं बघत होत्या. ही शिक्षा आम्हा सगळ्यांना कधी ना कधी झालेली असल्यामुळे आम्हाला हसू आवरेना.

अक्कांनी लग्न केलं नव्हतं. कुणी त्यावरून हळहळ दाखवली की त्या म्हणायच्या, "माझी चूल माझ्यापाशीच विझणार, खरं आहे. भाऊ आहे, पण तो काही कामाचा नाही. त्याच्या मुलांनी त्याच्या बायकोची चूल आणली." भाऊ बिचारा समोरच बसलेला असायचा आणि त्याला याची सवय झालेली होती.

लॅबमध्ये दोन मोठे फ्रीजर होते. एकात शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींचे नमुने, दुसऱ्यात त्याच बायकांच्या रक्ताचे. दोन्हींवर अक्कांनी स्वतःच्या हातानं पाट्या लावल्या होत्या. गाठींच्या फ्रीजरवर 'सासर' आणि रक्ताच्या फ्रीजरवर 'माहेर'. पुण्याचा डॉक्टर म्हणाला, "अक्का, हे अनप्रोफेशनल दिसतं." अक्का म्हणाल्या, "गाठीत काही वेगळं दिसलं तर ते तिथं जाऊन झालं की मुळातच होतं, हे कुठं विचारणार? माहेरीच ना? मग पाटीत काय चूक?" डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, यात भाषांतर करण्यासारखं काही नाही, तुझं चुकलं.

आणि खरोखर आमचं सगळं काम तेच होतं. गाठीतल्या मायटोकॉन्ड्रियांच्या जनुकांत बदल भरपूर सापडतात. उत्परिवर्तन हा शब्द अक्का तोंडात येऊ द्यायच्या नाहीत, "बदल म्हण, सोपं आहे," म्हणायच्या. काही बदल फक्त गाठीत असतात, रक्तात नसतात. म्हणजे ते नंतर झालेले. एकाच पेशीत काही चुली बिघडलेल्या, काही धडधाकट. पण चूल बिघडली म्हणून घर पेटलं, की घर पेटलं म्हणून चूल बिघडली, हे सांगणं महाकठीण. अनेक जण छातीठोकपणे एक बाजू घेतात. अक्कांना विचारलं की त्या अत्यंत आनंदानं म्हणायच्या, "गोत्तिल्ला!" म्हणजे माहीत नाही.

हा त्यांचा सर्वांत लाडका शब्द. दुसरी माणसं माहीत नाही म्हणताना जराशी खाली बघतात. अक्का तो शब्द मैसूरपाकाची वडी तोंडात टाकावी तसा उच्चारायच्या. आमच्या साप्ताहिक बैठकीत जो कुणी सर्वांत चांगला, नेमका, कुणालाच उत्तर देता न येणारा प्रश्न आणेल त्याला त्या आपल्या डब्यातला बिसीबेळे भात द्यायच्या. त्या भातासाठी आम्ही काय काय प्रश्न शोधून काढलेत म्हणून सांगू! विज्ञानापेक्षा त्या भाताचंच माझ्या शिक्षणात योगदान जास्त आहे.

तर त्या सगळ्या बदलांमध्ये एक बदल अक्कांचा विशेष लाडका होता. ऊर्जा तयार करणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात एकच अक्षर वेगळं. उत्तर कर्नाटकातून उपचारांना आलेल्या बऱ्याच बायकांच्या गाठीत ते सापडलं होतं. माहेरच्या फ्रीजरमध्ये पाहिलं तर त्यांच्या रक्तातही होतं, म्हणजे जन्मापासूनचं, आईकडून आलेलं. निरोगी लोकांच्या नमुन्यांत मात्र जवळपास नव्हतंच. अक्कांनी त्याला नाव दिलं होतं 'पाहुणी'. पुण्याचा डॉक्टर हरखून गेला होता. "अक्का, डेटा एकदम क्लीन आहे. पेशंट्समध्ये आहे, कंट्रोल्समध्ये नाही. धिस इज ह्यूज!" अक्का वर्षभरात निवृत्त होणार होत्या. मोठ्या नियतकालिकासाठी लेख लिहून होत आला होता. एरवी गोत्तिल्ला म्हणणाऱ्या अक्का या पाहुणीबद्दल बोलताना जरा सांभाळूनच पण खूश दिसायच्या. इतक्या वर्षांच्या चाचपडण्यानंतर एक तरी ठाम गोष्ट सांगून जावी असं त्यांना वाटत असणार. आणि त्यात वाईट काय आहे?

लॅबमध्ये नव्यानं आलेल्या प्रत्येकाच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीनं नमुना घ्यायची रीत होती. काम करताना आपल्याच अंगातल्या चार पेशी नळीत पडल्या तर त्या कुणाच्या हे कळायला हवं, म्हणून. मी आल्या आल्या तो दिला होता आणि विसरूनही गेले होते. यंत्रावर पेशंटच्या नमुन्यांची रांग असायची, आमचे नमुने सगळ्यांत शेवटी. माझा निकाल आला तो थेट डिसेंबरात. डॉक्टरनं तो पडद्यावर उघडला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत पडद्याकडे.

"तू नळ्यांमध्ये थुंकलीस का?" त्यानं विचारलं.

माझ्या नमुन्यात पाहुणी होती.

मी भांडायला उभी राहणार तेवढ्यात अक्का आल्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "पाहुणी सापडलेले नमुने ही यायच्या आधीच तपासून झालेले. ही बेळगावात असताना इथल्या नळीत थुंकणार कशी?" डॉक्टर वरमला. मीही हसले. मग त्या हसण्याच्या मधेच माझ्या लक्षात आलं की नळ्यांत माझं काही पडलेलं नसेल, तर पेशंटांमधली पाहुणी खरी आहे, आणि माझ्यातलीही. जे आमची लॅब दोन वर्षं रोगाचं म्हणून बघत होती ते माझ्या अंगात आहे.

हे कुणाच्याही बाबतीत भीतीदायकच झालं असतं. पण माझ्या आईला मी बेंगळुरूला यायच्या थोडं आधीच हा आजार होऊन गेला होता. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, आई बरी झाली. केस परत आले, तेही कुरळे. त्या कुरळ्या केसांचं तिला कोण कौतुक! पण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी इस्पितळात तिनं माझा हात धरून म्हटलं होतं, "माझं दुखणं माझ्यापाशीच संपू दे. तुझ्यापर्यंत यायला नको." मी तेव्हा तिला वेड्यात काढलं होतं. आता ते वाक्य माझ्या कानातून जाईना. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा, "काय करायलीस? जेवलीस?" आणि मी दोन शब्द बोलून ठेवून द्यायची. आईला हे सांगायचं कसं? जे तिला नको होतं नेमकं तेच झालंय, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

मी अक्कांना विचारलं, "अक्का, मला होणार का?"

दुसऱ्या कुणी पाठीवर हात फिरवला असता. अक्का खुर्चीवर बसल्या, बूट काढले, मांडी घातली आणि म्हणाल्या, "गोत्तिल्ला."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या बाईचा अतोनात राग आला. तो लाडका शब्द माझ्याच बाबतीत वापरायचा? मी रडत बाहेर जाऊन कट्ट्यावर बसले. थोड्या वेळानं अक्का अनवाणीच बाहेर आल्या. माझ्या शेजारी बसल्या आणि विचारलं, "आमचे निरोगी लोकांचे नमुने कुठून आणले होते, आठवतं?"

"एचएसआर लेआउटमधल्या शिबिरातून," मी नाक पुसत म्हणाले.

"तिथं कोण राहतं?"

"आयटीवाले."

"त्यांच्या आईच्या आईंचं माहेर कुठलं?"

एचएसआर लेआउटमध्ये लखनौचे, कोचीचे, कोलकात्याचे, गुंटूरचे, जगभरचे लोक. तिशीच्या आतले. त्यांत संकेश्वर-निपाणीकडची आजी असलेलं कुणी असलंच तर एखाददुसरं. आणि पेशंट मात्र सगळ्या आमच्या भागातून गाडीनं बेंगळुरूला आलेल्या. आम्ही एकीकडे एका मुलखाच्या बायका बसवल्या होत्या आणि दुसरीकडे अख्खा देश, आणि म्हणत होतो, बघा, या वेगळ्या दिसतात! अक्कांनी स्वतःच्या कपाळावर थाडकन हात मारून घेतला. "अय्यो! जन्मभर लोकांना आजीचं माहेर विचारत हिंडले, आणि जिथं विचारायचं तिथंच नाही विचारलं."

"मग आता?"

"तुमच्या बाजूच्या म्हाताऱ्या हव्यात. चांगल्या सत्तरी उलटलेल्या, हा रोग न झालेल्या. बेंगळुरूत कुठं मिळतील?"

मी सहज म्हणून गेले, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळतील."

अक्का उठल्या आणि तशाच अनवाणी आत गेल्या. मला वाटलं बूट घालायला गेल्या, पण त्या अर्ज लिहायला बसल्या होत्या.

माणसांचे नमुने घ्यायचे तर संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते. समितीत एक अतिशय गंभीर गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, हे हळदीकुंकू म्हणजे नेमकं काय, आणि त्यात सहभागी स्त्रियांना काही अपाय संभवतो का? अक्का म्हणाल्या, "संभवतो. गप्पा वाढतात आणि घरी जायला उशीर होतो." त्यांनी हे खरोखर टिपून घेतलं. परवानगी मिळाली, पण संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत मोठ्यानं वाचून दाखवायचं, अशा अटीवर. ते काम माझ्याकडे आलं.

जे. पी. नगरातल्या एका मंडळाच्या हॉलमध्ये रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी हे जगावेगळं हळदीकुंकू झालं. अक्कांनी अख्ख्या शहरातल्या मराठी मंडळांना फोन करून म्हाताऱ्या गोळा केल्या होत्या. मुलाकडे राहायला आलेल्या, नातवंडं सांभाळायला आलेल्या, कुणी पन्नास वर्षांपूर्वीच येऊन स्थिरावलेल्या. नऊवारी, सहावारी, स्वेटर, मोजे, मफलर असा तो सगळा थाट. दारात हळदीकुंकू, अत्तर, गुलाबपाणी. त्याच्या शेजारच्या टेबलावर कापसाच्या काड्या, नळ्या आणि हातमोजे घातलेला पुण्याचा डॉक्टर.

पण घोळ व्हायचा तो झालाच. गालातून नमुना घ्यायच्या आधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नसतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावून अर्धा तास तिळगूळ द्यायचा नाही म्हणजे काय! हॉलमध्ये एकच गलका उडाला. "बोलावलं कशाला मग?" "मला शुगर आहे, उपाशी नाही राहवत." "इथला तिळगूळ, एळ्ळु-बेल्ल, तो पण नाही?" डॉक्टर घामाघूम झाला. शेवटी अक्का खुर्चीवर चढून उभ्या राहिल्या, त्याच स्पोर्ट्स शूजमध्ये, आणि ओरडल्या, "गोड नंतर! आधी प्रत्येकीनं आपल्या आईच्या आईचं माहेर सांगायचं. जिला आठवणार नाही तिनं शेजारणीला विचारायचं!"

त्यानंतर जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. कुणी हुक्केरी म्हणालं, कुणी गडहिंग्लज, कुणी चिकोडी, कुणी जत. ज्या आजींना सकाळचं औषध घेतलं का ते आठवत नव्हतं त्या आपल्या आजीच्या माहेरच्या विहिरीचं पाणी कसं होतं ते सांगू लागल्या. दोघी एकाच गावच्या निघाल्या आणि गळ्यात पडल्या. अर्धा तास कधी संपला कुणाला कळलंच नाही.

कोपऱ्यात एक आजी मात्र हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. के. आर. पुरमला नातवाकडे राहायच्या. चांगल्या पंच्याऐंशीच्या पुढच्या, वाळलेल्या, ताठ. मी हळदीकुंकवाचं तबक पुढं केलं तर त्या मागं सरकल्या. "मला न्हाई लावायचं, बाळ. मालक जाऊन लई वर्सं झाली. मी आपली बघाय आले."

अक्कांनी ते ऐकलं. तबक माझ्या हातातून घेतलं आणि आजींसमोर जमिनीवर बसल्या. "आज्जी, आम्ही ज्यासाठी तुम्हाला बोलावलंय ना, त्याला कुंकू दिसत नाही. तुमचा नवरा आहे की नाही, त्याला कळत नाही. त्याला फक्त तुमची आई कळते." आणि त्यांनी आजींच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. आजींनी कपाळाला हात लावून बोटाकडे पाहिलं. मग तोंड उघडून गाल पुढं केला आणि म्हणाल्या, "घाल काडी. आईचं काय सापडलं तर मला पण सांग." मी आधी त्यांना संमतीपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं.

आईच्या आईचं माहेर विचारल्यावर त्या आजी म्हणाल्या, "संकेश्वर."

पुढचे काही आठवडे माझे कसे गेले ते मलाच माहीत. अक्कांनी माझे लाड करणं साफ टाळलं. उलट कामाला जुंपलं. नमुने मी हातात घ्यायचे नाहीत, कारण माझ्यातही पाहुणी होती. पण बाकी सगळी धावाधाव माझी. एकदाच त्या म्हणाल्या, "भीती वाटते का?" मी हो म्हटलं. "मलाही वाटते," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी वाटते की पाहुणी खरी निघेल. आणि स्वल्प माझ्यासाठी वाटते की खोटी निघेल." इतकं खरं बोलणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं. त्या दिवशी माझा त्यांच्यावरचा सगळा राग गेला.

निकाल आले ते शिमग्याच्या सुमाराला, भर दुपारी. डॉक्टरनं ते एकेक करून पडद्यावर लावले. हुक्केरीच्या आजींत पाहुणी होती. चिकोडीच्या दोघींत होती. निपाणीच्या आजींत होती. ज्यांचा आजवर एक दातच काय तो दुखला होता त्या के. आर. पुरमच्या ताठ आजींतही ती मजेत बसलेली होती. रोग झालेल्या आमच्या भागातल्या बायकांमध्ये जेवढी दिसली होती, साधारण तेवढीच ती या ठणठणीत म्हाताऱ्यांमध्ये होती. तिचा आणि आजाराचा काही संबंध दिसत नव्हता. ती आमच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या नांदत होती, एवढंच.

"अक्का," डॉक्टर मलूल होऊन म्हणाला, "पेपर गेला."

अक्कांनी गजरा काढून टेबलावर ठेवला. डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. माझं भलं झालं होतं आणि त्यांची ठाम गोष्ट गेली होती. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा गोल चेहरा हळूहळू फुलत गेला.

"हा रोग नाही, बाळ," त्या म्हणाल्या. "हे तुझं आजोळ आहे. अष्टे, एवढंच."

आणि मग एकदम नेहमीच्या आवाजात, "पेपर जातो कुठं? लिही की, आम्ही कसं चुकलो ते! उद्या आणखी कुणी पाहुणीला चोर म्हणून पकडेल. जा, सगळ्यांना कॉफी सांग. साखर घालून!" डॉक्टर बिचारा उठला आणि कॉफी सांगायला गेला. तो लेख पुढं खरोखरच तसाच लिहिला गेला. अक्कांनी निवृत्तीच्या दिवशी तोच वाचून दाखवला आणि शेवटी सगळ्यांसमोर मोठ्यानं गोत्तिल्ला म्हटलं. आज त्या जे. पी. नगरच्या घरी असतात आणि सकाळी फिरायला येणाऱ्या लोकांना आज्यांची माहेरं विचारून हैराण करतात.

पण त्या दुपारी कॉफी यायच्या आधी त्यांनी मला थांबवलं. "हे बघ. हा एक बदल तुझा वैरी नाही, एवढंच मला कळलंय. बाकीचं मला माहीत नाही. आईचा आजार होता, तेव्हा डॉक्टरांना विचारून इतर जनुकांचं बघून घे आणि दरवर्षी तपासणी चुकवू नको. समजलं? आणि आईला सांगितलंस?"

"काहीच नाही सांगितलं."

"सरी, बरं. आत्ता लाव फोन."

आईनं दुसऱ्याच रिंगला उचलला. "काय ग? आज दुपारचाच?" मी सुरुवात केली ती थांबलेच नाही. गालातली काडी, पाहुणी, एचएसआर लेआउट, हळदीकुंकू, संकेश्वरच्या आजी, सगळं एका दमात. पलीकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तो बंद करायलाही आई गेली नाही.

"म्हणजे," आई शेवटी म्हणाली, "तुला माझ्याकडनं तसलं काही आलेलं नाही?"

"हे तरी नाही, आई. बाकीचं तपासून घ्यायचंय. पण हे नाही. हे चांगलं आहे."

नाक ओढल्याचा आवाज आला. आणि मग एकदम तिचा पट्टा सुरू झाला. "आणि संक्रांतीच्या आधीपासनं हे एकटीच पोटात घेऊन बसलीस व्हय? आईला त्रास नको म्हणून? मी रोज फोन करायलोय आणि तू आपली हं, हं करायलीस! हट्टी कुठली. अगदी माझ्यावर गेलीस बघ!"

हे वाक्य मी लहानपणापासून दिवसातून दहादा ऐकत आले होते. नाकावरून, रागावरून, भाकरी करपवण्यावरून. पण शस्त्रक्रियेनंतर आईनं ते टाकून दिलं होतं. शेजारपाजारचं कुणी म्हणालं की पोरगी अगदी तुमच्यावर गेलीय, तर ती घाईघाईनं विषय बदलायची.

"होय ग आई," मी म्हटलं, "तुझ्यावरच गेलेय."